मृतांचीं टिपणें आणि जिवंतांचा अधिकार

(नभोवाणीवरील भाषण)

जोन डिडिअन या विख्यात अमेरिकन लेखिका २३ डिसेंबर २०२१ रोजीं न्यूयॉर्क शहरीं वयाच्या ८७ व्या वर्षीं निवर्तल्या. त्यांच्या पश्चात् घरांतील कागदपत्रांची व्यवस्था लावीत असतां, त्यांच्या लिहिण्याच्या टेबलाजवळ कागद ठेवण्याची एक लहानशी पेटी आढळली. तींत सुमारें दीडशें पानें होतीं. पानांना अनुक्रमांक नव्हते. तथापि मजकुरावर तारखा होत्या, आणि तो एकाच व्यक्तीला उद्देशून लिहिलेला होता. ती व्यक्ति म्हणजे बाईंचे पति जॉन ग्रेगरी डन. ते तर पत्नीच्या अठरा वर्षें आधींच हें जग सोडून गेले होते. एप्रिल २०२५ मध्यें हीं पानें ‘नोट्स टु जॉन’, म्हणजे ‘जॉनसाठीं टिपणें’, या नांवानें पुस्तकरूपानें बाजारांत आलीं. ज्याच्यासाठीं तीं लिहिलीं तो वाचक हयात नव्हता. बाकी सारें जग वाचावयास मोकळें होतें.

हीं टिपणें साधीं नव्हतीं. १९९९ सालच्या अखेरीस डिडिअनबाई एका मनोवैद्याकडे जाऊं लागल्या होत्या. डॉक्टरासमोर बसून मनांतील भय, पश्चात्ताप, जुने सल बोलून दाखवावयाचे आणि त्याच्या प्रश्नांच्या साहाय्यानें त्यांचें मूळ शोधावयाचें, अशी ही उपचारपद्धति आहे. भेट झाली कीं डॉक्टर काय म्हणाले, आपण काय उत्तर दिलें, हें बाई तपशीलवार लिहून ठेवीत. मुख्य विषय एकच : मुलगी. क्विंताना ही या दांपत्यानें १९६६ सालीं दत्तक घेतलेली एकुलती एक कन्या. ती मद्याच्या आहारीं गेली होती. आपल्या अति काळजीनेंच तर ती दुबळी झाली नाहीं ना, तिला पैसा पुरवावा कीं हात आखडावा, दत्तक मुलीच्या मनांतील परकेपणाला आपण जबाबदार आहों काय, असे आईची झोंप उडविणारे प्रश्न या पानांत आहेत. त्यांच्या ओघानें बाईंचें स्वतःचें बालपण, त्यांचा उदासपणा, वार्धक्याचें भय, हेंहि सारें आलें आहे.

पुढें काय झालें तें जगाला ठाऊक आहे. मुलगी अतिदक्षता विभागांत बेशुद्ध असतां ३० डिसेंबर २००३ रोजीं रात्रीं जेवणाच्या टेबलावरच जॉन डन हृदयक्रिया बंद पडून वारले. वीस महिन्यांनीं, ऑगस्ट २००५ मध्यें, मुलगीहि ३९ व्या वर्षीं गेली. या दोन्ही मृत्यूंवर डिडिअनबाईंनीं स्वतः दोन पुस्तकें लिहिलीं : पतीच्या मृत्यूवरील २००५ सालीं, मुलीवरील २०११ सालीं. पहिल्याला अमेरिकेंतील ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ हें पारितोषिक मिळालें. परंतु मुलीच्या व्यसनाचा उल्लेख या पुस्तकांत ओझरताच येतो. काय सांगावयाचें आणि काय झांकून ठेवावयाचें, याचा निर्णय बाईंनीं लेखणी हातीं असतांना घेतला होता. मृत्यूनंतर तो निर्णय दुसऱ्यांच्या हातीं गेला.

या टिपणांचें पुढें काय करावें, याविषयीं बाईंनीं कांहींच लिहून ठेवलें नव्हतें. त्यांनीं तीं जाळलीं नाहींत आणि छापावयासहि दिलीं नाहींत. या मौनाचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही पक्षांनीं आपापला अर्थ उचलला. एक पक्ष म्हणाला, ज्या लेखिकेनें जन्मभर शब्दाशब्दाची पारख केली तिला हीं पानें नको असतीं तर तिनें तीं टेबलाजवळ जपून ठेवलीं असतीं काय? दुसरा पक्ष म्हणाला, तिला तीं छापावयाचीं असतीं तर तिला कोणीं अडविलें होतें? मला वाटतें, दोघांचें म्हणणें अर्धेंच खरें आहे. माणसें अनेक वस्तु केवळ टाकवत नाहींत म्हणून ठेवतात. मेलेल्या मुलीविषयींची चिंता ज्या कागदावर आहे तो कागद फाडणें आईला शक्य होईल असें मानणें ही क्रूरता आहे. आणि तो फाडला नाहीं म्हणजे तो जगाला देऊन टाकला असें मानणें ही सोयीस्कर समजूत आहे.

या प्रकरणांत योगायोग असा कीं, याच विषयावर स्वतः डिडिअनबाईंचें मत छापलेलें आहे. १९९८ सालीं ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकांत त्यांनीं हेमिंग्वेविषयीं एक निबंध लिहिला. हेमिंग्वेनें १९५८ सालीं आपल्या विश्वस्तांना लिहून ठेवलें होतें कीं, माझ्या पत्रांपैकीं एकहि पत्र प्रसिद्ध होऊं नये. तो १९६१ सालीं गेला आणि १९८१ सालीं, त्याच्या पत्नीच्या संमतीनेंच, पत्रांचा जाडजूड ग्रंथ निघाला. पुढें त्याचें एक अपूर्ण हस्तलिखित जवळजवळ निम्मे छाटून १९९९ सालीं त्याच्या जन्मशताब्दीला कादंबरी म्हणून छापण्यांत आलें. तें निघणार असें कळल्यावरूनच बाईंनीं हा निबंध लिहिला होता. विरामचिन्हांचीहि काळजी वाहणाऱ्या लेखकाचा अपुरा मजकूर त्याच्या नांवावर खपविणें म्हणजे त्यानें जें लिहिण्याचें नाकारलें तें त्याच्याकडून बळेंच लिहवून घेणें होय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. वर्षभरानें त्यांनीं आपलें पहिलें टिपण लिहिलें, ही गोष्ट त्यांच्या विश्वस्तांना आठवली नसेल असें म्हणवत नाहीं.

आतां थोडें इतिहासाकडे वळूं; कारण हा तंटा फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व १९ मध्यें रोमचा महाकवि व्हर्जिल मरण पावला. त्याचें ‘ईनिड’ हें महाकाव्य त्याच्या दृष्टीनें अपुरें होतें आणि तें जाळून टाकावें अशी त्याची इच्छा होती, असें परंपरा सांगते. सम्राट ऑगस्टसनें ती इच्छा मोडली. फ्रांत्स काफ्का १९२४ सालीं क्षयानें वारला. माझें अप्रकाशित लेखन न वाचतां जाळ, अशी त्याची चिठी त्याचा मित्र माक्स ब्रोड याच्या नांवें निघाली. ब्रोडनें ती मानली नाहीं, आणि १९२५ पासून तीन वर्षांत काफ्काच्या तीन कादंबऱ्या जगासमोर आल्या. या दोन अवज्ञांबद्दल साहित्यजगत् कृतज्ञ आहे, आणि तें योग्यच आहे.

परंतु या दोन उदाहरणांचा आधार घेऊन पुष्कळ गोष्टी पार पाडल्या जातात, म्हणून येथें थांबून भेद केला पाहिजे. महाकाव्य काय किंवा कादंबरी काय, ती कोणातरी वाचकासाठींच रचलेली असते. व्हर्जिलला लाज वाटत होती ती कवितेंतील उणिवांची. तेथें प्रश्न कलेचा आहे. रोजनिशी, खासगी पत्र, उपचारांचीं टिपणें यांतील प्रश्न निराळा आहे. त्यांत दुसरीं माणसें असतात : नवरा, मुलगी, बाप, भाऊ. त्या माणसांनीं कोणत्याहि करारावर सही केलेली नसते. ब्रोडनेंच पुढें काफ्काच्या दैनंदिन्याहि छापल्या, आणि काफ्कानें १९१९ सालीं बापाला लिहिलेलें, परंतु बापाच्या हातीं कधींच न पडलेलें तें दीर्घ पत्रहि छापलें गेलें. आज तें पत्र सारें जग वाचतें. जगाला तो बाप मुलाच्या आरोपपत्रांतूनच ठाऊक आहे. त्याची बाजू कोणीं लिहिली नाहीं.

याच्या उलट टोकाचें उदाहरण लॉर्ड बायरनचें. त्यानें आपल्या आठवणींचें हस्तलिखित कविमित्र टॉमस मूर याच्या स्वाधीन केलें होतें. तो १९ एप्रिल १८२४ रोजीं ग्रीसमध्यें वारला; आणि एक महिना उलटण्यापूर्वींच, १७ मे रोजीं, लंडनमध्यें प्रकाशक जॉन मरे याच्या दिवाणखान्यांतील शेकोटींत तें हस्तलिखित जाळण्यांत आलें. तेथें जमलेल्यांपैकीं कित्येकांनीं तें वाचलेंहि नव्हतें. बायरनची पत्नी, बहीण आणि स्वतः बायरन यांची अब्रू वांचविण्यासाठीं हें केलें, असें त्यांचें म्हणणें. परिणाम काय झाला? अब्रू वांचली नाहीं; तर्ककुतर्कांना ऊत आला, आणि खरें काय होतें तें कळण्याचा मार्ग मात्र कायमचा बंद झाला. कवयित्री सिल्व्हिया प्लाथ हिनें १९६३ सालीं आत्महत्या केल्यावर तिच्या शेवटच्या महिन्यांची रोजनिशी तिच्या पतीनें, कवि टेड ह्यूजनें, नष्ट केली. आपल्या मुलांच्या वाचनांत ती येऊं नये, हें कारण त्यानें पुढें स्वतःच सांगितलें. बापाचें हें कारण मी हंसण्यावारी नेणार नाहीं. परंतु ज्या रोजनिशींत त्याच्यावरच ठपका असण्याचा संभव होता तिचा न्यायाधीश तोच झाला, हेंहि विसरतां येत नाहीं. सारांश, जाळणारा हात बहुधा निःस्वार्थी नसतो.

आतां प्रस्तुत प्रकरणाच्या अगदीं जवळ येणारें उदाहरण सांगतों. अ‍ॅन सेक्स्टन ही अमेरिकन कवयित्री १९७४ सालीं आत्महत्या करून वारली. तिच्यावर १९५६ ते १९६४ पर्यंत एका मनोवैद्यानें उपचार केले होते. प्रत्येक भेटींत काय बोललों हें ती विसरून जाई. म्हणून डॉक्टरानें तिचें संभाषण ध्वनिफितींवर घेण्यास प्रारंभ केला, कीं तिनें तें पुन्हां ऐकावें. तिच्या मृत्यूनंतर तीनशें तासांहून अधिक संभाषणाच्या या फिती डॉक्टरानें तिच्या चरित्रलेखिकेला दिल्या, आणि १९९१ सालीं चरित्र प्रसिद्ध झालें तेव्हां वैद्यकाच्या जगांत वादळ उठलें. रुग्णाचें गुपित रुग्णाच्या मृत्यूनेंहि मोकळें होत नाहीं, असें त्या व्यवसायांतील अनेकांनीं ठणकावून सांगितलें. डॉक्टराचें उत्तर असें कीं, आपल्या अनुभवाचा इतरांना उपयोग व्हावा असें सेक्स्टनलाच वाटत होतें, आणि तिची मुलगी, जी तिच्या साहित्याची विश्वस्त होती, तिनें अनुमति दिली आहे. उत्तर सर्वांना पटलें नाहीं. तथापि एक गोष्ट लक्षांत ठेवावी : त्या फितींत जिच्याविषयीं फार नाजुक गोष्टी होत्या ती मुलगी हयात होती, तिला विचारण्यांत आलें, आणि ती ‘होय’ म्हणाली.

डिडिअनबाईंच्या बाबतींत कायद्याचा हा प्रश्नच उपस्थित होत नाहीं, हें चमत्कारिक वाटेल. गुप्ततेचें बंधन वैद्यावर असतें. आपल्या देशांतहि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें रुग्णाला गुप्ततेचा अधिकार दिला आहे. तो कायदा बांधतो तो उपचार करणाऱ्यांना. रुग्णानें स्वतःच लिहून ठेवलेल्या कागदाला असें कोणतेंहि कवच नाहीं. तो कागद मालमत्ता ठरतो, आणि मालमत्ता वारसांकडे जाते. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षें त्याच्या लेखनाचे हक्क टिकतात. म्हणजे या टिपणांचे हक्क २०९१ सालच्या अखेरपर्यंत कोणाच्या तरी स्वाधीन राहणार. कायदा विचारतो, कागद कोणाचा? कागदावर कोणाविषयीं लिहिलें आहे, हें तो विचारीत नाहीं. तो प्रश्न आपणच विचारला पाहिजे, आणि तोच पहिला प्रश्न आहे असें माझें मत आहे.

क्विंतानाला कोणीं विचारलें? कोणींच नाहीं, विचारतां येणेंच शक्य नव्हतें. प्रकाशनाचे समर्थक म्हणतात, आतां त्या कुटुंबांत दुखावलें जाणारें कोणी उरलें नाहीं. मला हें समाधान अपुरें वाटतें. मेलेल्या माणसाला दुःख होत नाहीं हें खरें. परंतु त्याला उत्तरहि देतां येत नाहीं. या पुस्तकांत मुलीचें बोलणें आहे तें आईनें डॉक्टराला सांगितलेलें, आईनेंच पुन्हां लिहिलेलें, आणि तेंहि नवऱ्यासाठीं. तीन हातांतून आलेली ती मुलगी खरी क्विंताना कितपत असेल?

दुसऱ्या बाजूचें म्हणणें मी हलकें मानीत नाहीं. ज्या घरांत मूल व्यसनाधीन आहे त्या घरच्या आईला हीं पानें वाचून, इतकी बुद्धिमान्, इतकी कीर्तिमान् बाईहि माझ्यासारखीच असहाय होती, असा धीर येईल. हा लाभ खोटा नाहीं. परंतु लाभ झाला म्हणजे अधिकार सिद्ध होत नाहीं. हें मी एका कटु अनुभवावरून शिकलों, तो सांगतों.

मी प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गाला मीं ‘माझें घर’ हा निबंध घातला. एका मुलानें चार पानें लिहिलीं. इतर मुलांच्या वह्यांत अंगण, तुळस आणि आईच्या हातचें जेवण होतें. याच्या वहींत बाप रात्रीं पिऊन येतो, तेव्हां आई धाकट्या बहिणीला घेऊन शेजारच्या पडवींत जाते, आणि हा दाराला पाठ लावून बसतो, हें होतें. एकहि शब्द उसना नव्हता. मी हर्षभरित झालों. खरें लिहिणें म्हणजे काय हें मुलांना कळावें, या सद्हेतूनें मीं तो निबंध दुसऱ्या दिवशीं वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविला. नांव सांगितलें नाहीं. परंतु खेडेगांवांत नांव सांगावें लागत नाहीं. वर्ग अगदीं शांत झाला होता. ती शांतता मला वाङ्मयाचा प्रभाव वाटली! वाचून झाल्यावर माझें लक्ष त्या मुलाकडे गेलें. तो मान खालीं घालून बाकावरच्या एका जुन्या रेघेवरून नख फिरवीत होता. त्यानंतर वर्षभर त्यानें प्रत्येक निबंध बरोबर दहा ओळींचा लिहिला. त्यांत अंगण होतें, तुळस होती, आईच्या हातचें जेवण होतें.

माझी चूक कोठें झाली? निबंध मलाच दिला होता, तेव्हां वाचण्याचा अधिकार मला होता. हेतु शुद्ध होता. कदाचित् वर्गांतील एखाद्या दुसऱ्या मुलाला, आपलें घर एकटेंच तसें नाहीं, असा धीरहि आला असेल. परंतु तो निबंध गुरुजींसाठीं होता, वर्गासाठीं नव्हता. आणि त्यांत जो बाप होता त्याला दुसऱ्या दिवशीं त्याच गांवांतून चालावयाचें होतें. हें सांगण्यापूर्वीं मीं त्या गृहस्थांना, आतां ते चांगले प्रौढ संसारी आहेत, पत्र लिहून परवानगी मागितली. त्यांनीं दूरध्वनीवरून उत्तर दिलें, “सांगा गुरुजी. पण बाबांचें नांव नको, आणि गांवाचेंहि.” बाप जाऊन बरींच वर्षें झालीं आहेत. तरी मुलगा अद्याप दाराला पाठ लावून बसलेलाच आहे!

म्हणून माझें म्हणणें असें कीं, अशा प्रकाशनानें खरी हानि होते ती मेलेल्या लेखकाची नव्हे, पुढें लिहिणाऱ्यांची. कोणीं मनोवैद्याकडून घरीं येऊन, डोकें शांत करण्यासाठीं, केवळ आपल्या माणसासाठीं चार पानें लिहिलीं, आणि त्यांच्या मनांत आलें कीं हींहि एक दिवस दुकानांत दिसतील, तर तीं पानें दहा ओळींचीं होतील. मग इतिहासकाराच्या हातीं काय लागेल? अंगण आणि तुळस. जो इतिहासाच्या नांवानें सर्व कांहीं छापूं पाहतो, तो इतिहासाची विहीरच आटवीत असतो.

मग जाळावें काय? मुळींच नाहीं, बायरनची शेकोटी आपण पाहिलीच. जपून ठेवणें आणि छापून विकणें या दोन गोष्टींमध्यें पुष्कळ जागा आहे, आणि शहाणपणाची वस्ती त्या जागेंत आहे. सॅम्युएल पेपिस या इंग्रज गृहस्थानें १६६० ते १६६९ पर्यंत लघुलिपींत रोजनिशी लिहिली. लंडनच्या प्लेगबरोबर आणि आगीबरोबर स्वतःचे चोरटे व्यभिचारहि तींत नोंदविले. ती त्यानें चांगली बांधून घेतली आणि ग्रंथसंग्रहाबरोबर केंब्रिजच्या एका कॉलेजकडे जावी अशी व्यवस्था केली. तो १७०३ सालीं वारला. रोजनिशी प्रथम छापली गेली १८२५ सालीं, आणि तीहि निवडक. तोंपर्यंत तींतील बायका, नवरे, त्यांचीं नातवंडें, सारीं मातींत मिळालीं होतीं. काळासारखा दयाळू संपादक नाहीं.

डिडिअन-डन दांपत्याचीं कागदपत्रें न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें मार्च २०२५ मध्यें अभ्यासकांना खुलीं केलीं, आणि हीं टिपणेंहि त्यांतच आहेत. माझ्या मतें तेवढें पुरेसें होतें. ज्याला खरोखर अभ्यास करावयाचा आहे तो तेथें जाईल, शांतपणें वाचील, लेखिकेच्या इतर लेखनाशीं ताडून पाहील. पुस्तक आणखी पन्नास वर्षांनीं निघालें असतें तर वाङ्मयाचें कोणतें नुकसान झालें असतें? चार वर्षांच्या आंत तें काढण्याची घाई इतिहासाला नव्हती. घाई असलीच तर ती बाजाराला असेल.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, आम्ही कोठें डिडिअन आहों? परंतु घरोघर एखादी पेटी असते. आजीच्या हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानांवर कांहींतरी लिहिलेलें असतें. थोरल्या भावाचा पत्रांचा जुडगा माळ्यावर पडलेला असतो. जे लिहितात त्यांना माझी विनंति अशी कीं, वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ आजच लिहून ठेवा : जाळा, ठेवा, किंवा अमुक वर्षांनंतर उघडा. आणि ज्यांच्या हातीं अशी वही येईल त्यांनीं, ही कोणीं लिहिली, एवढेंच विचारून थांबूं नये. ही कोणासाठीं लिहिली आणि कोणाविषयीं लिहिली, हे दोन प्रश्न विचारावेत. त्यांचीं उत्तरें मिळत नसतील तर वही पुन्हां बांधून, जपून, जागच्या जागीं ठेवून द्यावी. मीं ती सातवीची वही त्या दिवशीं तशी ठेवली असती, तर त्या वर्षीं आणखी एक-दोन खरे निबंध मला वाचावयास मिळाले असते.